सूचक, अनुमोदक आणि मी

गोव्यात मंत्र्याला गाठायला क्लब लागत नाही. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या आसपास माणसं आणि विधानसभेत ४० आमदार. लग्नात, जत्रेत, कुणाच्या बाराव्याला, नाट्यस्पर्धेच्या बक्षीस समारंभाला, कुठे ना कुठे गाठ पडतेच. त्यामुळे पणजीतल्या एका जुन्या क्लबाचं सदस्यत्व घ्यावं म्हणते, असं मी घरात काढलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "कशाला? आमदाराचा नंबर नाही तुझ्याकडे?"

नंबर होता. पण आमदाराशी माझं काम नव्हतं. मला हवा होता एका औषध कंपनीचा परचेस हेड, आणि तोसुद्धा शनिवारी संध्याकाळी, टाय सोडलेला.

आमचा फोंडा तालुक्यात पुठ्ठ्याच्या बॉक्सचा कारखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, त्यांच्यानंतर मी चालवते. नवरा हायस्कुलात मराठी शिकवतो आणि कारखान्यात दिवाळीच्या पूजेला येतो. आमची गिऱ्हाइकं मुख्यतः इथल्या औषध कंपन्या. त्यांतल्या एकीने मध्यंतरी फाइव्ह-प्लायचे, म्हणजे पाच थरांचे बॉक्स बंद करून जास्त बीएफच्या, म्हणजे दाबाखाली सहज न फाटणाऱ्या कागदाचे तीन थरांचे थ्री-प्लाय मागायला सुरुवात केली. चौकशीचा मेल मला आला त्या दिवशी माझ्या प्रतिस्पर्ध्याकडे वापीहून त्या कागदाची गाडी उतरत होती. त्याला आधी कसं कळलं? तर तो आणि परचेस हेड शनिवारी एकाच टेबलावर रमी खेळतात. कुणी कुणाला पाकीट दिलं असेल असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. पानं पिसता पिसता "पुढच्या तिमाहीत आम्ही थ्री-प्लायवर जातोय रे" एवढं एक वाक्य निघालं असेल. ते वाक्य ऐकायला मी तिथे नव्हते.

क्लबाचं नाव लिहीत नाही. गोव्यात जुन्या क्लबांना तोटा नाही. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनशेजारचा क्लब वास्को द गामा १९०९ सालचा. क्लब नासिओनालचा कार्निव्हलमधला रेड अँड ब्लॅक डान्स तर गोव्याबाहेरच्यांनाही ठाऊक असतो. मडगावातही जुने क्लब आहेत. मी सांगते आहे तो यांतला कुठलाच नाही, असं धरून पुढे वाचा.

पहिली गंमत अशी की फॉर्म काउंटरवर मिळत नाही. मी सरळ गेले आणि मागितला. तिथल्या माणसाने अदबीने बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "मॅडम, फॉर्म मेंबरच्या नावाने निघतो." म्हणजे फॉर्म मिळवायलाच मुळात आतला माणूस हवा. सूचक एक, अनुमोदक एक. दोघंही अमुक वर्षं सदस्य असलेले आणि अर्जदाराला जवळून ओळखणारे. शिवाय एका सदस्याला वर्षात मोजकीच नावं सुचवता येतात. माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी "अरेरे, माझा यंदाचा कोटा संपला हो" असं सांगितलं. खरंच संपला होता की नाही, देव जाणे. नकार द्यायची ही सोय मला फार आवडली. कुणी कुणाला नाही म्हणत नाही, नियमच नाही म्हणतो.

शेवटी डॉक्टरकाका आठवले. हे पणजीचे जुने डॉक्टर, माझ्या सासऱ्यांचं शेवटचं आजारपण त्यांनीच काढलं. त्यांच्या वडिलांपासून क्लबात येणंजाणं. मी त्यांच्या दवाखान्यात गेले, पेशंट संपेपर्यंत बसले, मग विषय काढला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"बाये, सही करतो. पण सहीचा अर्थ ठाऊक आहे ना? उद्या तू बिल थकवलंस तर तुझं नाव बोर्डावर लागेल आणि फोन मला येईल. तू बारमध्ये कुणाशी भांडलीस तरी फोन मलाच."

"मी कशाला भांडेन काका?"

"तू नाही. पण पाहुणे आणशील, ते भांडतील." मग त्यांनी मला क्लबांचा इतिहास सांगितला. पूर्वी मतदान चेंडूंनी व्हायचं. पांढरा म्हणजे होकार, काळा म्हणजे नकार. पेटीत हात घालून टाकायचा, कोणी कुठला टाकला ते दिसत नाही. कित्येक ठिकाणी एकदोन काळे चेंडू पडले की अर्ज बाद, कारण विचारायचं नाही. मुंबईचा विलिंग्डन क्लब १९१८ मध्ये निघाला तो का, तर गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डनच्या हिंदी पाहुण्यांना गोऱ्यांच्या क्लबात दारातून परत पाठवलं, अशी गोष्ट सांगतात. नंतर त्या हिंदी लोकांच्या क्लबाचंच सदस्यत्व मिळणं किती अवघड झालं ते मुंबईकरांना विचारा. दिल्लीच्या जिमखान्यात तर बापाने अर्ज करावा आणि नातवाने वाट बघावी असा प्रकार. प्रतीक्षायादी कित्येक दशकांची. ते प्रकरण कंपनी लवादापर्यंत गेलं आणि २०२२ मध्ये सरकारला तिथे आपले संचालक नेमायची मुभा मिळाली.

"आपलं तसं नाही," काका म्हणाले. "आपल्याकडे सगळे एकमेकांचे पावणेच."

त्यांनी सही केली. दारापर्यंत सोडायला आले आणि तिथे म्हणाले, "माझा एक भाचा आहे. बीकॉम झालाय. घरी बसून मोबाइल बघतो."

भाचा पुढच्या महिन्यात आमच्या स्टोअरमध्ये लागला. मुलगा कामाला बरा निघाला हे माझं नशीब. निघाला नसता तरी त्याला मी काढू शकले नसते, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

अनुमोदक मिळाले आमच्याच सीएंच्या ओळखीतले. हे गृहस्थ हौशी रंगभूमीवरचे, दर वर्षी स्पर्धेत नाटक उतरवणारे. त्यांनी अगोदर नाटकाविषयीच अर्धा तास ऐकवलं. सही केल्यावर स्मरणिकेचं दरपत्रक पुढे ठेवलं. मलपृष्ठ रंगीत आधीच गेलं होतं, आतलं पूर्ण पान शिल्लक होतं. ते मी घेतलं. याला मी लाच म्हणणार नाही. गोव्यात मराठी नाटक जिवंत आहे ते बरंचसं अशा पूर्ण पानांवर. फक्त एवढंच, की क्लबाची पायरी चढायच्या आधी माझ्या वहीत दोन नावं चढली होती आणि ती खोडायची तारीख कुठेच नव्हती.

फॉर्ममध्ये रकाना होता, 'वडील किंवा पतीचा व्यवसाय'. पुरुषाने भरायचा असता तर तिथे 'वडील' एवढंच आलं असतं. मी 'शिक्षक' लिहिलं. दुसरा रकाना 'अन्य संस्थांचे सदस्यत्व'. तिथे मी चेंबर ऑफ कॉमर्स लिहिलं. ही गोव्याची चेंबर १९०८ सालची, पोर्तुगीज अमदानीतली. नवरा म्हणाला, "देवस्थान लिही ना." मी म्हटलं, "देवस्थानात तू आहेस, मी नाही."

हे जरा सविस्तर सांगायला हवं, कारण बाहेरच्यांना वाटतं क्लब ही साहेबांनी आणलेली चीज. गोव्यात आधीपासून बंद दाराच्या सभासद-याद्या आहेत. गावकरी, म्हणजे कोमुनिदाद: गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांच्या पुरुष वारसांची. देवस्थानची महाजनी, म्हणजे देवळाचा कारभार पाहणाऱ्या घराण्यांची संस्था: तिची नियमावली पोर्तुगीज सरकारने १९३३ मध्ये काढली आणि आजही देवस्थानांच्या निवडणुका तिच्याच आधारे होतात, मामलेदाराच्या नजरेखाली. आमच्या देवस्थानच्या महाजनांच्या यादीत सासरे होते, नवरा आहे, मुलगा वयात आला की त्याचं नाव लागेल. सुनेचं नाही आणि लेकीचंही नाही. जत्रेला प्रसादाचे हजारो बॉक्स माझ्या कारखान्यातून जातात, पावती नवऱ्याच्या नावाने फाटते. आणि पालखीपुढे महाजन उभे असतात तेव्हा त्यांच्यात जी कुजबुज चालते, कुणाची जमीन विकायला निघाली, कोण कुठल्या पक्षात चाललाय, कुणाच्या मुलीचं ठरलं, ती शनिवारच्या रमीच्या टेबलापेक्षा वेगळी नसते. तिथे फक्त सोवळं नेसावं लागतं.

म्हणूनच पुढे मुलाखतीत जे झालं त्याचा मला फार राग आला नाही. थोडा आला.

त्याआधी फोटो. अर्ज छाननीत टिकला की अर्जदाराचा फोटो, नाव, व्यवसाय आणि सूचक-अनुमोदकांची नावं नोटीस बोर्डावर लागतात. कुणाला हरकत असेल त्याने सेक्रेटरीला लेखी कळवायचं. माझा पासपोर्ट साइझ फोटो तिथे टाचणीने टोचला होता, एका बाजूला एक रिसॉर्टवाला, दुसऱ्या बाजूला एक तरुण वकील. मला वाटलं होतं, या काळात काही घडणार नाही, नुसती वाट पाहायची. घडलं सगळं याच काळात. बँकेचा मॅनेजर, जो माझी कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवायला ताळेबंदावर ताळेबंद मागत होता, त्याने स्वतःहून फोन केला: "मॅडम, बोर्डावर पाहिलं. अभिनंदन." कागद अजून तेवढेच हवे होते, पण आता तो ते न्यायला माणूस पाठवणार होता. परचेस हेडचा मेसेज आला. आणि प्रतिस्पर्धी, ज्याने इतक्या वर्षांत मला औद्योगिक वसाहतीच्या फाटकात साधा हात केला नव्हता, तो म्हणाला, "वहिनी, आधी सांगायचं ना. मीच सही केली असती."

आत पाऊलही न ठेवता मी ओळखीची झाले होते.

मुलाखतीला जोडीने बोलावतात. निरोपात पोशाख लिहिलेला होता: पुरुषांना कॉलरचा शर्ट आणि बंद बूट. नवरा कायम कोल्हापुरीत. त्याने मला तामिळनाडूचा दाखला दिला. २०१४ मध्ये चेन्नईच्या एका क्लबाने वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, नेसलेल्या हायकोर्टाच्या न्यायमूर्तींना दारात अडवलं, त्यावर एवढा गदारोळ झाला की राज्याने कायदाच केला, वेष्टीवाल्याला अडवाल तर शिक्षा. "तामिळनाडूत अडवलं तर न्यायमूर्ती होते," मी म्हटलं, "तू नववी ब चा वर्गशिक्षक आहेस. चल, बूट घेऊ." म्हापशाला जाऊन घेतले. अजून चावतात म्हणतो.

कमिटीची पाचसहा माणसं लांबट टेबलामागे होती. चहा आला, सोबत काजूच्या वाट्या. मधोमध बसलेल्या गृहस्थांनी माझा अर्ज हातात धरला आणि नवऱ्याकडे बघत मला विचारलं, "मिस्टर काय करतात?"

मिस्टर समोरच बसले होते. "मराठी शिकवतो," ते म्हणाले. "नववी, दहावी."

"छान, छान." मग ते माझ्याकडे वळले. "म्हणजे फॅक्टरी तुम्ही बघता. पण आपल्या गोव्याच्या कायद्याने निम्मी मिस्टरांचीच की."

हे खरं आहे. १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा आमच्याकडे चालतो, त्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक. नवऱ्याची सही नसेल तर मला जमीन विकता येत नाही, आणि माझी नसेल तर त्यालाही. "मग असं करा ना," गृहस्थ म्हणाले, "मेंबरशिप मिस्टरांच्या नावावर घ्या. तुम्हाला स्पाउस कार्ड मिळेल. जिम, रेस्टॉरंट, लायब्ररी, सगळं तेच. फरक काही नाही."

"फरक काय?" नवऱ्याने विचारलं. शिक्षकाची सवय.

"तसा काही नाही. वार्षिक सभेतलं मत."

मी म्हटलं, "मग माझ्याच नावावर राहू दे." कुणीतरी हसलं. डॉक्टरकाकांच्या ओळखीचे एक जण म्हणाले, "अहो, लंडनच्या गॅरिक क्लबाने २०२४ मध्ये बायकांना घेतलं. १८३१ चा क्लब तो. आपण तर कधीपासून घेतोय." घेत होतेच, नियमांत बाईला आडकाठी कुठेच नव्हती. नियमात नसलेल्या गोष्टी चहाच्या टेबलावर विचारल्या जातात, एवढंच. मग त्यांनी मला कारखान्यात किती माणसं आहेत ते विचारलं, राजकारणात कुणाशी जवळीक आहे का ते फार गोड शब्दांत विचारलं, आणि नवऱ्याला विचारलं की दहावीच्या मराठीचे क्लास घेता का. कमिटीतल्या एकाची नात दहावीला होती.

तिला तो आता रविवारी शिकवतो. फुकट.

पत्र आलं. प्रवेश शुल्क लाखांत, वर १८ टक्के जीएसटी. मी सीएला फोन लावला, इनपुट क्रेडिट मिळेल का, म्हणजे हा जीएसटी कारखान्याच्या करातून वळता होईल का. त्याने हसूनच उत्तर दिलं: कलम १७(५), क्लबाच्या सदस्यत्वाचं क्रेडिट बसत नाही. क्लब आणि सदस्य एकच, स्वतःच स्वतःला सेवा कशी विकणार, हा युक्तिवाद कलकत्ता क्लबाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये जुन्या विक्रीकर आणि सर्व्हिस टॅक्ससाठी मान्य केला होता. जीएसटीत तसं होऊ नये म्हणून सरकारने २०२१ मध्ये कायदाच बदलला, तोही १ जुलै २०१७ पासून मागे जाऊन. एवढं मागे जाता येतं हे मला नवीन होतं.

आत काय असतं, याची लोकांना फार उत्सुकता असते. खरं सांगायचं तर बरंचसं कंटाळवाणं असतं. तळलेली इसवण चांगली, बिर्याणी नको. टीव्हीवर क्रिकेट. सोफ्यांना जुन्या पावसाचा वास. रोख चालत नाही. वेटर चिठ्ठीबुक घेऊन येतो, त्यात कार्बन घातलेला असतो, तुम्ही नाव नाही, नंबर लिहायचा आणि सही करायची. महिन्याच्या शेवटी बिल. इथला सगळ्यात जाणकार माणूस म्हणजे तो वेटर. कोण कुणाच्या टेबलावर बसतो, कोण कोण आला की उठून जातो, हे त्याला पाठ असतं. माझ्या सुरुवातीच्या एका शनिवारी मी कोपऱ्यातल्या रिकाम्या टेबलाकडे निघाले तर तो पुढे होऊन म्हणाला, "मॅडम, ते नको. तिथे साडेआठला येतात." कोण, ते सांगितलं नाही.

साडेआठला आले ते सत्तेतले एक गृहस्थ, मागोमाग बांधकामवाले दोघे आणि विरोधी पक्षातला एक जण. विधानसभेत पर्वरीला हे लोक एकमेकांवर काय काय फेकतात ते आपण टीव्हीवर बघतो. इथे एकाने दुसऱ्याच्या ताटातली तळलेली माणकी उचलून खाल्ली. आवाज चढला तो फक्त बर्फ संपला म्हणून. मला हे पाहून धक्का वगैरे बसला नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री, १९६३ चे भाऊसाहेब बांदोडकर, स्वतः खाणमालक होते. उद्योग आणि सत्ता यांच्यात दार आहे असं गोव्यात कुणी कधी मानलंच नाही. एक मात्र पाहण्यासारखं होतं. चिठ्ठीबुक आलं तेव्हा सही बांधकामवाल्याने केली. पुढच्या वेळीही. राजकारण्याची सही त्या बुकात मी अजून पाहिलेली नाही.

आणि रमीचं टेबल. परचेस हेड भला माणूस निघाला, आईच्या गुडघ्यांबद्दल बोलतो. तो उठून गेला की प्रतिस्पर्धी खुर्ची जवळ ओढतो. एकदा म्हणाला, "वहिनी, एकमेकांचे दर पाडून काय मिळालं आपल्याला? कागद चढतोय. दोघांनी मिळून दर ठरवला तर कंपनीला काय कळणार आहे?" हे त्याने इतक्या साधेपणाने विचारलं, जसं काही एकाच रिक्षाने जाऊया म्हणतोय. स्पर्धा कायद्यात याला नाव आहे आणि दंडही आहे. मी म्हटलं, "माझा दर माझ्याकडेच राहू दे." तो रागावला नाही. चिठ्ठीवर सही त्यानेच केली. माझ्या फ्रेश लाइम सोड्याची. तीही वहीत चढलीच म्हणायची. पण त्याने विचारलं त्यावरून मला एक कळलं: पुढच्या टेंडरला तो दर पाडायच्या परिस्थितीत नाही. त्या टेंडरात मी दर थोडा चढाच भरला आणि तरीही काम मला मिळालं. हे बरोबर की चूक, यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत झालेलं नाही.

सध्या कमिटीच्या निवडणुकीचे वारे आहेत. विधानसभेपेक्षा कमी चुरस नसते. पॅनेल, बैठका, फोन. जिला देवस्थानात मत नाही आणि कोमुनिदादीत नाही, तिला इथे एक आहे, आणि ते मागायला लोक फोन करतात याची मजा मी पुरेपूर घेते आहे. मुलाखतीत मधोमध बसलेले ते गृहस्थ परवा कारखान्यात आले. स्वतः. कोरुगेशन मशीन बघितलं, खळीचा वास नाकात गेला म्हणून रुमाल धरला आणि ऑफिसात बसून विचारलं, "मॅडम, तुमची आणि तुमच्या ओळखीची मिळून किती मतं धरू?"

पत्त्यांची खोली पहिल्या मजल्यावर आहे. बायकांचं टॉयलेट तळमजल्यावर, किचनच्या मागे. मी त्यांना ते विचारलं.

"ते बघू ना. जागेचा प्रश्न आहे."

"जिन्याजवळची स्टोअर रूम रिकामी आहे. वेटरने सांगितलं."

त्यांनी खिशातून डायरी काढली. मी म्हटलं, "डायरीत नको, जाहीरनाम्यात घ्या." छापायला गेलाय म्हणाले. मी त्यांना प्रेसचा नंबर दिला. आमच्याच बॉक्सवरची छपाई करतो तो, थांबवेल.